वर बर्फ, खाली कोमट

आमच्या गावात फ्रिज एका घराचा नसतो. विकत एकानं घ्यायचा आणि भरायचा अख्ख्या मोहल्ल्यानं, अशी रीत आहे. सहा वर्षांपूर्वी मी शाळेतून निवृत्त झाले तेव्हा आम्ही दोन दारांचा फ्रिज घेतला, वर फ्रीझर आणि खाली मोठा कप्पा असलेला. सिंदेवाहीहून टेम्पोत येऊन तो दारात उतरला, त्याचं खोकं अजून फोडलं नव्हतं, आणि समोरची बाई विचारून गेली की पोळ्याला बैलांचे हार ठेवायला यात जागा होईल ना. बैलांचे हार! माणसांसाठी घेतलेला फ्रिज, आणि पहिलं आरक्षण बैलांचं. तेव्हापासून त्यात काय काय मुक्कामाला राहून गेलं त्याची गणती नाही. तलावातले मासे, कुणाच्या साखरपुड्यातलं उरलेलं श्रीखंड, सत्यनारायणाची फुलं, एकदा तर कोंबड्यांच्या लसीची शिशी निघाली. ती कोणी ठेवली ते मला आजही माहीत नाही. मी तोंड वाजवायची. पण मास्तरीनबाईचा तो स्वभावच आहे असं गावानं केव्हाच ठरवून टाकलं होतं, त्यामुळे कोणी मनावर घेत नसे.

स्वभाव आहेच माझा तसा, नाकारत नाही. तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवलं. उष्णता कुठून कुठे जाते, गरम हवा वर का जाते, थंड हवा खाली का येते, हे फळ्यावर बाण काढून काढून खडूनं माझी बोटं पांढरी झाली. आणि घरी येऊन पाहावं तर माणसं तापलेल्या दुधाचं पातेलं उचलून थेट फ्रिजात कोंबताहेत. अशा लोकांना पाहून ज्याचा राग उसळत नाही त्यानं मास्तरकी करू नये, असं मी आमच्या यांना अनेकदा ऐकवलं. हे भाताच्या गिरणीत हिशेबनीस होते. ते फक्त हुं म्हणायचे आणि पेपर उलटायचे.

माझी मोठी जाऊ भिंतीला भिंत लागून राहते. चौथी शिकलेली, सारा जन्म धानाच्या बांधीत गेलेला. भासरे, म्हणजे तिचा नवरा, वारले, लेक लग्न होऊन आरमोरीकडे गेली, तेव्हापासून ती एकटीच. तिला साखर आहे. चार वर्षांपूर्वी रोवण्याच्या वेळी चिखलात तिच्या पायाला काहीतरी लागलं, तिनं हळद दाबून काम चालू ठेवलं, आणि पुढे साखरेपायी उजव्या पायाची दोन बोटं कापावी लागली. त्या वेळी डॉक्टर म्हणाले होते की साखर पुन्हा अशी चढली तर पुढच्या वेळी बोटांवर भागणार नाही. तेव्हापासून ती दोन वेळा पोटात इन्सुलिन टोचून घेते. तिचं चालणं, वावरात जाणं, स्वतःचं स्वतः रांधून खाणं, सगळं त्या बोटभर शिशीवर होतं. हे मला माहीत होतं, घरात सगळ्यांना माहीत होतं.

ती शिशी ती आधी मडक्यात ठेवायची. दवाखान्यातल्या नर्सबाईनं दाखवलं म्हणे. रुंद तोंडाच्या मडक्यात ओली रेती, त्या रेतीत लहान गाडगं, गाडग्यात प्लास्टिकच्या डबीत शिशी, आणि वरून ओलं फडकं. पाण्याच्या माठाशेजारी सावलीत हे सगळं मांडलेलं. मी एकदा तिच्याकडे तांदूळ पाखडायला चार बाया बसल्या होत्या तेव्हा गेले आणि हे पाहिलं. मला हसू आवरेना. औषध ठेवलं की दही विरजलं, असं मी विचारलं, आणि चारही बाया खो खो हसल्या. जाऊ नाही हसली. सुपातले तांदूळ निवडत राहिली. मी तिथल्या तिथं ती शिशी उचलली, घरी आणून फ्रिजाच्या खालच्या दारातल्या कप्प्यात ठेवली आणि सांगितलं की आजपासून औषध इथे, शास्त्राप्रमाणे. त्या दिवसापासून ती सकाळ-संध्याकाळ सुईची डबी पदराखाली धरून यायची, माझ्या सयपाकघरात पाटावर बसून टोचून घ्यायची आणि उठून जायची. फार बोलायची नाही. मला वाटायचं, उपकार मानायला जड जातंय बाईला.

आता मंडईचं सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. एका गावची आज, दुसऱ्या गावची उद्या. दिवसा बाजार, पाळणे, रात्री नाटक, आणि घरोघर पाहुणे. ब्रह्मपुरीपासून मूलपर्यंतचे सोयरे एका दिवशी उगवतात, त्यातच कुणाची पोरगी पाहिली जाते, कुणाचं लग्न ठरतं. त्या दिवशी कुणाच्या घरी काय वाढलं याची चर्चा होळीपर्यंत चालते. मटण तर सगळ्यांकडेच असतं. शाकाहारी पंगतीला मात्र हल्ली जिथं जावं तिथं पनीर. जंगलाच्या काठावर राहणारी माणसं, आणि पाहुण्यांपुढं रबरासारखं पनीर! मला त्याची शिसारी होती. म्हणून मी त्या वर्षी ठरवलं की आपल्याकडे वास्त्यांची भाजी करायची.

वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. ते येतात पावसाळ्यात, आखाड-श्रावणात. दिवाळीला वास्ते मागणं म्हणजे थंडीत आंबे मागणं. पण माझ्याकडे फ्रीझर होता ना. जंगलाकडच्या गावातून डोक्यावर टोपली घेऊन येणाऱ्या बायांकडून मी पावसाळाभर वास्ते घेतले. सोलून बारीक कापले, दोन-दोनदा पाणी बदलून उकळले, पिशव्या बांधल्या आणि वर ठेवत गेले. पाच पिशव्यांच्या वीस झाल्या. तळापासून छतापर्यंत फ्रीझर भरला. शेवटच्या पिशव्या शिरेनात तेव्हा तळहातानं ठोसे मारून त्या मागच्या जाळीपर्यंत दाबल्या. आणि ते गोठून राहावेत म्हणून फ्रीझरातला गोल खटका पार शेवटच्या आकड्यावर नेऊन ठेवला. अंगठ्यानं खटका फिरवताना मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. अख्ख्या पंचक्रोशीत हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

मंडईला आठ दिवस राहिले होते आणि फ्रिज बिघडला. वरचा फ्रीझर दगड झालेला, आणि खालच्या कप्प्यात दूध नासलेलं. सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी पिवळी पडली. बाटल्यांतलं पाणी नळाच्या पाण्यासारखं. एकाच कपाटात वर हिमालय आणि खाली चंद्रपूर.

मग सुरू झाले एकेकाचे शोध. आमच्या यांचं निदान ठरलेलं असतं. पंखा हळू फिरला, दिवा मिणमिणला, टीव्हीवर मुंग्या आल्या, अगदी पोट बिघडलं तरी ते म्हणतात, लाईट डाऊन हाये. त्यांनी स्टॅबिलायझरला दोन थापडा मारल्या. मग फ्रिज भिंतीपासून ओढून पुढे घेतला. मागे धानाचा कोंडा, कोळ्यांची जाळी, आणि एक वाळून कोळ झालेली पाल निघाली. त्यांनी झाडणीनं जाळ्या झाडल्या, हात धुतले, आता पाहा म्हणाले आणि दुपारची झोप काढायला गेले. गिरणीत हिशेब कसे लिहीत असतील याची मला तेव्हा कल्पना आली.

मुलगा पुण्याला असतो. त्यानं फोनवरून शिकवणी घेतली. दार नीट लागत नसेल, रबरात कागद धरून बघ, असं सांगितलं. मी पेपरचा तुकडा दारात धरून ओढला, तो घट्ट होता. मग म्हणाला, पंख्याचा आवाज येतोय का बघ. मी दाराला कान लावून बसले आणि पलीकडून तो विचारतोय, येतोय का, येतोय का. गावातला एवढा गलका मला ऐकू येत होता, पण फ्रिजातला पंखा काही ऐकू आला नाही. मग तो म्हणाला, आई, माहितीपुस्तिका असेल, ती वाच ना जरा. मी फोन ठेवला. चमच्यानं भरवलेलं पोर आता मला वाचायला शिकवणार.

शेवटी ब्रह्मपुरीहून मेकॅनिक आला. केसांना तेल, कानात पेन, पायात लाल बूट. त्यानं वरचं दार उघडलं, रचलेल्या पिशव्यांकडे पाहिलं, एकीला बोट लावलं आणि हसला. म्हणाला, "बाई, हे समदं काढा आधी. दिवसभर फ्रिज बंद ठेवा, बरफ वितळू द्या, मंग पाहू."

माझं डोकं फिरलं. आठवड्यावर मंडई, पावसाळाभर जमवलेले वास्ते, आणि हा म्हणतो काढा, वितळू द्या. फ्रिज दुरुस्त करायला आलात की माझी पंगत उधळायला, असं मी त्याला विचारलं. थंडी वरूनच खाली येते, वर भरपूर बर्फ असेल तर खाली जास्तच थंड व्हायला पाहिजे, हे सहावीतल्या पोराला कळतं, असंही सांगितलं. तो बिचारा काही वेळ माझं व्याख्यान ऐकत उभा राहिला. मग कानातलं पेन काढून पुन्हा कानात ठेवलं. तं मंग ग्यास गेला असन, म्हणाला, मंडई झाल्यावर दुकानात घेऊन या. चहा घेऊन गेला. पाठ वळल्यावर मी आमच्या यांना म्हटलं, हल्ली कोणीही पाना घेऊन मेकॅनिक होतो.

त्याच संध्याकाळी जाऊ आली तेव्हा मी खालच्या दारातून तिची शिशी काढली. कोमट लागली. एवढं महागामोलाचं औषध, नासलं तर? मी काही फार विचार केला नाही. विचार कशाला करायचा, मला तर माहीतच होतं! औषधाला थंडी पाहिजे, खाली थंडी नाही, वर आहे. मी वरचं दार उघडलं, दोन पिशव्यांमध्ये बोटभर जागा केली आणि शिशी तिथं खोचली. जाऊला सांगितलं की फ्रिज दुरुस्त होईतो औषध वर राहील, घाबरायचं काम नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिशी काढली तर आतलं औषध गोठून गारगोटीसारखं टणक. मी ती दोन्ही तळहातांत धरून चोळली, फुंकर मारली, थोडा वेळ चुलीपासून हातभर लांब धरली. औषध पातळ झालं तेव्हा शिशी जाऊच्या हातात दिली. तिनं ती खिडकीकडे नेली आणि उजेडात धरली. इकडून पाहिली, तिकडून पाहिली. सुईत औषध घेण्याआधी तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं. मला पाहुण्यांच्या गाद्या उन्हात टाकायच्या होत्या.

मी म्हटलं, "काय पाहता बाई एवढं? औषध हाये ते, सिनेमा नाई."

ती बरं म्हणाली. पाटावर बसली आणि टोचून घेतलं.

तेच पुढे सहा दिवस चाललं. रात्री वर खोचायची, सकाळी चोळून द्यायची, संध्याकाळी पुन्हा तेच. चौथ्या दिवसापासून जाऊ माझ्याकडे आली की आधी पाणी मागायची. एक तांब्या, मग दुसरा. जाताना बाटलीही भरून न्यायची. मी मनात म्हणायची, घरी काय माठ फुटला का हिचा? अंगणातून दहादा मोरीकडे जाताना दिसायची. चेहरा उतरला होता. मी तेही पाहिलं आणि आमच्या यांना म्हटलं की मंडईचं काम आलं की बाईचं अंग दुखायला लागतं. हे असं मी म्हणाले होते. आता लिहिताना वाटतं की हे वाक्य गाळावं, पण गाळत नाही.

मंडईच्या दिवशी पहाटेच मी फ्रीझर रिकामा केला. वीसच्या वीस पिशव्या बाहेर. दोन गंज भरून भाजी झाली, जवस-तिळाचा कूट घातलेली, लसणाच्या फोडणीची. पहिली पंगत बसली आणि माझं सोनं झालं. मूलचे मामेसासरे म्हणाले, दिवाळीत वास्ते, ही तं कमाल झाली. ब्रह्मपुरीच्या बाया कृती विचारायला लागल्या. मी पदर खोचून सांगत होते, फ्रिज वापरायचं शास्त्र असतं, नुसता घेऊन उपयोग नाही. असं म्हणत होते, आणि माझ्या मागे भाताची परात पडल्याचा आवाज झाला.

जाऊ भात वाढायला उठली होती. ती परातीसकट खाली बसली होती, भिंतीला टेकून. डोळे उघडे, पण कुणाकडे पाहत नव्हती. श्वास जोरजोरानं चाललेला. मी तिला हाक मारली तर तिनं फक्त पाणी म्हटलं. एका पाहुण्याची गाडी दारात होती. तिच्यात घालून आम्ही तिला सिंदेवाहीला नेलं. वाटेभर तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी तिच्या पायाकडे पाहत होते, त्या तीन बोटांच्या पायाकडे. डॉक्टरांचं ते जुनं बोलणं मला पूर्ण आठवत होतं.

दवाखान्यात साखर तपासली. यंत्रावर आकडा आलाच नाही, मोजण्याच्या पलीकडे गेली होती. सलाईन लावलं, सुया दिल्या. तासाभरानं तिला जरा शुद्ध आली तेव्हा डॉक्टरीण आली. तरुण मुलगी होती, माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची. इन्सुलिन वेळेवर घेता का, तिनं विचारलं. जाऊनं मान डोलावली. कुठे ठेवता, तिनं विचारलं. त्यावर माझ्या जाऊनं सलाईन लावलेला हात उचलला आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

"ह्या मास्तरीन हायेत," ती म्हणाली, "ह्यांनाच इचारा. ह्यांच्या फ्रिजात राह्यते."

ते ती कौतुकानं म्हणाली. तशी म्हणाली नसती तर मला सोपं गेलं असतं. डॉक्टरीण माझ्याकडे वळली, आणि मी सांगितलं. खालचा कप्पा थंड होत नव्हता म्हणून फ्रीझरात ठेवलं, रोज गोठायचं, रोज हातात चोळून द्यायची. डॉक्टरीण शांतपणे म्हणाली की गोठलेलं इन्सुलिन म्हणजे पाणी, त्यातलं औषध मरून जातं, पुन्हा पातळ केलं तरी जिवंत होत नाही. सहा दिवस ह्या बाईंनी काहीच घेतलेलं नाही असं समजा. मी विचारलं की मग खालच्या कोमट कप्प्यात राहू दिलं असतं तर? ती म्हणाली, या थंडीच्या दिवसांत चालू शिशी महिनाभर बाहेर राहिली तरी बिघडत नाही. सावलीत, मडक्यात ठेवतात ना गावात, तसं ठेवलं असतं तरी पुरे होतं.

तिनं मडकं म्हटलं. मी मान खाली घातली.

दोन दिवस तिला तिथं ठेवून घेतलं. पहिल्या संध्याकाळी मी तिची लुगडी न्यायला घरी आले. पाहुणे नाटकाच्या तयारीत होते, घरात फक्त आमचे हे. तहान लागली म्हणून मी सवयीनं फ्रिजातली बाटली काढली आणि तोंडाला लावली. दातांना कळ गेली. पाणी गारेगार होतं. मी खालच्या कप्प्यात हात घातला, दारात घातला, भाजीच्या खणात घातला. सगळीकडे थंड. कोणी दुरुस्त केला, म्हणून मी यांना विचारलं. यांनी नाही म्हणून मान हलवली. कोणी हात लावला नव्हता. वरचा फ्रीझर तेवढा रिकामा होता.

फ्रिज घेतल्यापासून पहिल्यांदा मी ती माहितीपुस्तिका काढली. प्लास्टिकच्या पिशवीत होती, पिशवीची चिकटपट्टी तशीच. तिसऱ्याच पानावर चित्र होतं. फ्रीझरच्या मागच्या जाळीपर्यंत सामान कोंबलेलं, आणि त्यावर मोठी लाल फुली. त्या जाळीतून पंखा थंड हवा फेकतो, ती वाट बंद केली तर खाली काही पोहोचत नाही. पुढच्या पानावर गोल खटक्याचं चित्र. तो शेवटच्या आकड्यावर नेला की सगळी हवा वरच अडते, खालच्या कप्प्याला जाणारी कमी होते, म्हणून फक्त बर्फ करताना थोडा वेळ तसा ठेवावा. हे हिंदीत लिहिलं होतं, मराठीतही लिहिलं होतं. लाल बूटवाल्यानं मला हेच तर सांगितलं होतं. पोरानंही सांगितलं होतं, वाच म्हणून. मी तीस वर्षं फळ्यावर हवेचे बाण काढले, आणि माझ्याच घरात हवेच्या वाटेवर वीस पिशव्या रचल्या. गाढवपणा करायलाही थोडी लाज लागते, मला तेवढीही नव्हती. मी खटका मधल्या आकड्यावर आणला आणि तिथंच खाली बसले.

जाऊ घरी आली. पाय वाचला. पण तिला चालताना दम लागत होता, अंगणात येईपर्यंत दोनदा थांबली. हातात नवी शिशी होती, दवाखान्यातून दिलेली. ती माझ्या सयपाकघरात आली आणि सवयीप्रमाणे शिशी माझ्यापुढे धरली. मी ती घेतली नाही. तुमच्या मडक्यातच ठेवा बाई, म्हटलं. तिनं फ्रिजाचं खालचं दार उघडलं, आत हात घालून पाहिला. आता गार लागून राह्यलं, म्हणाली. मग आपणच दारातल्या जुन्या जागी शिशी ठेवली.

मला राहवलं नाही. पहिल्या दिवशी खिडकीपाशी ती शिशी एवढी निरखत होती, ते मला दवाखान्यात सारखं आठवत होतं. मी विचारलं, "बाई, तुमाले काही दिसलं होतं का तेव्हा? त्या शिशीत?"

"दिसलं ना," ती म्हणाली. "दही फाटते ना, तश्या कनी होत्या आतमधी."

"मंग काऊन नाई सांगितलं मले?"

तिनं फ्रिजाचं दार हळूच लावलं. मी आपटते तसं नाही. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तू हासली असती."

रागानं म्हटलं नाही तिनं. ऊन आहे, पाऊस आहे, तसं म्हटलं. सहा दिवस ती बाई फाटलेलं औषध पोटात टोचून घेत राहिली, कारण विचारलं असतं तर मी हसले असते. आणि मी हसलेच असते, यात शंका नाही. मडक्यावर हसले होते तशीच.

याला आता वर्ष होऊन गेलं. ती रोज दोनदा येते. शिशी काढते, खिडकीपाशी नेते, उजेडात धरून फिरवून पाहते. डॉक्टरणीनं तिला तसं सांगितलंय. तिला वेळ लागतो, नजर कमी झालीय. मी हातातलं काम ठेवून तिच्या शेजारी उभी राहते, तोंड मिटून. पाहून झालं की ती शिशी माझ्याकडे देते आणि म्हणते, तूही पाह्य एकदा. मी पाहते. साफ हाये बाई, म्हणते. मग ती माझ्या तोंडाकडे जरा पाहते, आणि त्यानंतरच पाटावर बसते.